किल्ली आत जाणाऱ्याची

१

धरणाच्या पोटात शिरायचा दिवस वर्षातून एकदा येतो, आणि त्या दिवशी दादा माझ्याशी फार गोड बोलतो. एरवी "छोट्या, पाना आण", "छोट्या, कुठे उलथला होतास" असा सपाटा चालू असतो. चाळिशी उलटली तरी मी छोट्याच. त्या दिवशी मात्र चहा स्वतः ओतून देतो, टॉर्चमधली बॅटरी स्वतः बदलतो, माझ्या बुटांच्या नाड्या नीट बांधल्यात का तेही वाकून बघतो. बळीच्या बकऱ्याचे लाड, असं मी दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी तो हसतो.

आमचं धरण मातीचं. दोन डोंगरांच्या मध्ये लांबलचक बांध, मागे तळं, पुढे कालवा आणि कालव्याच्या जिवावर उभी असलेली शेतं. बांधाच्या पोटातून एक बोगदा जातो, माणूस वाकून चालेल एवढा. त्याच्या तळ्याकडच्या टोकाला लोखंडी गेट. गेटला जोडलेला दांडा सरळ वर जातो, पाण्यात उभ्या असलेल्या मनोऱ्यातल्या खोलीत. खोलीत चाक आहे. चाक फिरवलं की दांडा गेट उचलतो आणि पाणी बोगद्यातून कालव्यात धावतं. चाकावर दादा असतो. मी फिटर. कालवा बंद असताना एकदा आत शिरायचं, गेटपर्यंत जायचं आणि भिंती तपासत परत यायचं, हे माझं काम.

मातीचं धरण झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आमचे बाबा दादाच्या आधी या चाकावर होते. ते म्हणायचे, निर्मळ थेंब आला तर खुशाल झोपा, गढूळ आला तर गाठोडं बांधा. आणखी एक नियम त्यांचाच. आत कोणी असेल तेव्हा चाकाला साखळी, साखळीला पितळी कुलूप, आणि कुलपाची किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. तो बाहेर येऊन, वर चढून, किल्ली स्वतःच्या हाताने देईपर्यंत चाक हलायचं नाही. किल्ली एकच. पाढे पाठ व्हायच्या आधी मला हे पाठ झालं होतं.

तर यंदाही दादाने खुंटीवरची किल्ली काढली, माझ्या खिशात टाकली आणि वरून थोपटली.

मी आत गेलो. भिंती ठीक होत्या. गेटच्या डाव्या कोपऱ्यात रबरी पट्टी फाटली होती, तिथून पाण्याची एक बारीक चिळकांडी उडत होती, तेवढंच. शेवटी रिवाजाप्रमाणे हातोडीने गेटवर दोनदा ठोकलं. म्हणजे, पोचलो. दादा वर दांड्यावर दोनदा ठोकतो. म्हणजे, ऐकलं.

दोन ठोके आले. आणि मग गेटवरून कोणीतरी हात फिरवला. उघडा तळवा ओल्या लोखंडावर दाबून वरून खाली ओढावा, तसा आवाज. माझ्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर. गेटच्या पलीकडे तळं होतं.

२

आवाजाची कारणं शंभर असतात. पाण्यात लाकडाचा ओंडका असतो, गाळ असतो, मोठे मासे असतात. मी भुताखेतांवर हसणारा माणूस. बाहेर येईपर्यंत मी ओंडक्यावर शिक्कामोर्तब करून टाकलं होतं.

वर जाऊन किल्ली दिली आणि म्हटलं, "काय रे, ठोकून झाल्यावर काय घासत होतास?"

"कुठे काय?" दादा म्हणाला. मग लगेच, "हां हां, मीच. हातोडी सरकली."

"मला वाटलं तळ्यातून कोणी आलं भेटायला."

तो हसला नाही. कुलूप काढण्यात गुंतल्यासारखं त्याने दाखवलं. मी आपला दांड्याला टेकून उभा राहिलो आणि माझ्या बाहीला ग्रीस लागलं. सकाळीच आम्ही दोघांनी दांड्याला ताजं ग्रीस फासलं होतं, खालपासून वरपर्यंत. पावावर लोणी फासावं तसं ते सारखं बसलं होतं. माझी बाही लागली तिथे पट्टा उमटला. दुसरीकडे कुठेही डाग नव्हता, ओरखडा नव्हता. हातोडी कोनाड्यात होती आणि तिचं तोंड कोरडं होतं.

म्हणजे दादाने दांड्यावर ठोकलंच नव्हतं. घासणं सोडाच, ते दोन ठोकेही त्याचे नव्हते.

मला आवाजाची भीती वाटली नाही तेवढी त्या "मीच" ची वाटली. नसेल ठोकलं तर नसेल, बिडी ओढायला गेला असेल. खोटं कशाला बोलायचं?

३

आमचं घर बांधाच्या पायथ्याशी. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे चूल. संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी उगाच पाटावर बोटांनी दोनदा ठोकलं आणि तळवा ओढला. का केलं ते मलाही सांगता आलं नसतं. पाण्याचा तांब्या घेऊन येणारी आई थबकली.

"परत करू नकोस तसं," ती म्हणाली.

तेव्हा मला आठवलं. आठवलं म्हणजे आधीपासून ठाऊक होतं, मी फक्त तिकडे पाठ करून बसलो होतो. बाबा कामावरून आले की दार असंच ठोकायचे. दोन ठोके, आणि मग ग्रीसने माखलेला हात दाराला पुसायचे. दारावर छातीच्या उंचीवर एक काळा पट्टा कायमचा पडला होता. आई रोज ओरडायची, "दार आहे की तुमचं पोतेरं?" आणि ते रोज म्हणायचे, "पुसतो ना." कधी पुसलं नाही.

मी सातवीत असताना ते गेले. मेले नाहीत, गेले. कालव्याला पाणी सोडायच्या दिवशी खडीच्या ट्रकमध्ये बसून निघून गेले, सोबत एक बाई होती. हे दादाने डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा तो त्यांच्या हाताखाली चाकावर होता, मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्याने घरी येऊन सांगितलं आणि आईच्या गळ्यात पडून असा रडला की तिलाच त्याची समजूत काढावी लागली.

आईने काही दिवस वाट बघितली. मग एका सकाळी तिने दाराला हिरवा रंग लावला, तो पट्टा झाकला, आणि वरच्या बाजूला एक नवी कडी बसवून घेतली. "आला तरी उघडायचं नाही," तिने आम्हा दोघांना सांगितलं. "मेला असता तर रडून मोकळी झाले असते. गेला तो."

मीही कमी नव्हतो. कुठल्याही स्टँडवर उतरलो की म्हाताऱ्यांचे चेहरे बघायचो. सापडला असता तर तोंडावर थुंकणार होतो. दादाने शाळा पुरी करवली, दादाने कामाला लावलं, दादा माझा बाप झाला. मी माझ्या खऱ्या बापाचा इतका मनापासून द्वेष केला की त्यात कधी खंड पडला नाही.

त्या संध्याकाळी आई जेवलीच नाही. दादा मात्र खाली मान घालून जेवत राहिला, आणि त्याने पुन्हा वाढून घेतलं.

४

"डावा कोपरा ठासायला पाहिजे," सकाळी मी म्हणालो. "ग्रीस लावलेला ताग दाबून भरतो. परवा पाणी सोडायचंय."

"राहू दे. ऑफिसला कळवू. त्यांची माणसं येतील."

"त्यांची माणसं येईपर्यंत पट्टी निघून जाईल. अर्ध्या तासाचं काम आहे, दादा."

"मी नाही म्हणतोय ना!"

दादा माझ्यावर ओरडतो, पण असा नाही. आवाज फाटला त्याचा. आणि मग मला एक गोष्ट सुचली जी इतक्या वर्षांत सुचायला हवी होती. गेटजवळ जास्त वेळ त्याने मला कधीच काढू दिला नव्हता. ठोक आणि ये, ठोक आणि ये. मी त्याला काळजी समजत होतो.

"ठीक आहे," मी म्हटलं, "मग मीच ऑफिसला जाऊन सांगतो. पट्टीचंही सांगतो आणि त्या ठोक्यांचंही."

तो तळ्याकडे बघत राहिला. वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडत होत्या.

"जा मग आत," तो म्हणाला. "किल्ली घे."

त्याने खुंटीवरची किल्ली काढून माझ्या खिशात टाकली. या वेळी थोपटली नाही. बुटांकडेही बघितलं नाही.

बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून मी खिशावरून हात फिरवला. किल्ली होती. माझा जीव तिच्यात होता आणि ती माझ्याजवळ होती, तेव्हा भ्यायचं कशाला? मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि आत शिरलो.

५

आत शिरलं की मागचा उजेड आधी ताटाएवढा दिसतो, मग वाटीएवढा, मग शर्टाच्या गुंडीएवढा. बाहेरच्या पाखरांचे आवाज बंद होतात. उरतो आपला श्वास आणि थेंब. मी भिंतीवरचा एक थेंब बोटावर घेऊन टॉर्चपुढे धरला. निर्मळ होता.

गेटपाशी पोचलो. हातोडी उचललीसुद्धा नव्हती, तेवढ्यात पलीकडून दोन ठोके आले. हळू. घरातले झोपलेत आणि फक्त आईला ऐकू जावं अशा बेताने ठोकलेले. मग तळवा, वरून खाली.

ओंडका, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. बोगद्याने तो शब्द परत आणून दिला.

पाणी माणसाला खाली नेतं, वर आणत नाही. बाबांना या बोगद्यात काही झालं असतं तर ते कालव्यात मिळाले असते. आणि त्यांना काही झालंच नव्हतं, ते ट्रकमध्ये बसून गेले होते. हे सगळं मी स्वतःला समजावून सांगत होतो आणि माझा हात गेटवर टेकलेला होता. लोखंड बर्फासारखं गार. फक्त एका जागी, छातीच्या उंचीवर, ते गार नव्हतं. मी हात काढून घेतला.

तागाचा बोळा काढून मी डाव्या कोपऱ्याशी बसलो. कामाला लागलं की डोकं जागेवर येतं. फाटलेल्या पट्टीतून पाणी उडत होतं, बोटभर फट असेल. मी बोळा तिथे नेला आणि पाणी थांबलं.

मी अजून काही ठासलं नव्हतं. पलीकडून कोणीतरी फटीवर बोट ठेवलं होतं.

मग त्या फटीतून काहीतरी सरकत येऊ लागलं. आधी एक गोल कडी, मग एक चपटी दांडी, मग दाते. अगदी सावकाश, दाराखालून चिठ्ठी सरकवावी तसं. ते माझ्या बुटाशी पडलं आणि पाणी पुन्हा उडायला लागलं. मी ते उचलून टॉर्चपुढे धरलं. पितळ हिरवं पडलं होतं, पण दाते शाबूत होते.

मी खिशातली किल्ली काढून शेजारी धरली. दाताला दात जुळत होता. खिशातली बघितली तर नवी वाटत होती. इतकी वर्षं तीच एक किल्ली म्हणून ओळखत होतो मी.

किल्ली आत जाणाऱ्याची. मग ही कोणाच्या खिशात होती? आणि ती खिशात असताना चाक कोणी फिरवलं?

मला रडू आलं नाही. मला फक्त दिसत होतं की आई दाराला हिरवा रंग लावते आहे आणि दादा तिला ब्रश देतो आहे.

६

त्याच वेळी वर साखळी वाजली.

दांड्यातून बारीकसा आवाजही खाली येतो. कड्यांवरून कड्या सरकत गेल्या आणि सगळी साखळी जमिनीवर पडली. कुलपाची किल्ली माझ्या एका हातात होती, तिचीच बहीण दुसऱ्या हातात. पण ज्याने एक करून घेतली त्याला आणखी एक करून घ्यायला कोणी अडवलं होतं?

"दादा!" मी ओरडलो. हातोडीने गेट बडवलं. "दादा, मी आत आहे!"

त्याला ऐकू गेलं. ऐकू गेलंच. दांडा क्षणभर थांबला. मग पुन्हा कुरकुरला आणि गेट उचललं गेलं.

पाण्याची पातळ चादर माझ्या बुटांवरून गेली. मग घोट्यांवरून. टॉर्च उंबऱ्याकडे होता म्हणून मला ते दिसलं, नाहीतर मी आयुष्यभर ओंडकाच म्हणत राहिलो असतो. गेटच्या खालच्या कडेला, पलीकडून आत वळलेली चार बोटं. फुगलेली, पांढरी, आणि नखांत काळं ग्रीस. ती कड घट्ट धरून खाली ओढत होती.

वर चाक जोर करत होतं. दांडा विव्हळत होता. गेट थरथरलं आणि हळूहळू उंबऱ्यावर परत बसलं. बोटं त्याच्याखाली गेली. त्यांनी सोडलं नाही.

मी पळालो. डोकं आपटत, कोपरं सोलवटत, त्या गुंडीएवढ्या उजेडाकडे. मागे गेट पुन्हा पुन्हा वर सरकायला बघत होतं आणि पुन्हा पुन्हा बसत होतं.

७

वरच्या खोलीत दादा दोन्ही हातांनी चाकाला लटकला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. साखळी पायाशी, कुलूप उघडं आणि त्यात किल्ली. मी दारात उभा राहिलो. त्याला चाहूल लागली, त्याने वळून बघितलं आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"मला वाटलं, तू बाहेर आलास," तो म्हणाला.

मी दोन्ही किल्ल्या खिडकीच्या फळीवर ठेवल्या. हिरवी बघून तो खाली बसला.

"त्यांना सवय होती रे," तो म्हणाला. "तपासायला आत तेच जायचे, बाहेर यायचे आणि किल्ली खिशात घालून घरी चहाला जायचे. इथे पाण्यासाठी सगळे माझ्या नावाने बोंबलायचे. दर वेळी कोण उतरून जाणार मागायला? म्हणून मी किल्लीची जोड करून घेतली. त्या दिवशी..."

"त्या दिवशी काय?"

"मला वाटलं, बाबा बाहेर आले."

तेच वाक्य, तोच सूर. त्या वेळी ते खरं असेल. मी अजूनही म्हणतो, असेल.

"आणि ट्रक? ती बाई?"

"काहीतरी सांगायला पाहिजे होतं."

"कुठे मिळाले?"

"कालव्याच्या तोंडाशीच. तिथे लोकांनी बघितलं असतं." त्याने खिडकीतून तळ्याकडे मान हलवली. "इथे कोण बघणार?"

मला त्याला मारायचं होतं. हात वर होईना. याच हातांनी त्याने माझी दप्तरं उचलली होती, तापात मांडीवर घेतलं होतं. आणि याच हातांनी आता, माझी हाक ऐकून, त्याने चाक फिरवलं होतं. बापाला चुकून, भावाला जाणूनबुजून.

"इतकी वर्षं मी दांड्यावर ठोकतो," दादा म्हणाला. "रोज. मला त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही."

आणि तो रडायला लागला. आईच्या गळ्यात पडून रडला होता, अगदी तसाच.

८

हिरवी किल्ली मी आईपुढे ठेवली. जे झालं ते सांगितलं, बोटांचं सोडून. दादा मागोमाग आला होता. दाराची वरची कडी लावून तो तिथेच स्टुलावर बसून राहिला. बांधामागे सूर्य बुडाला आणि घरात अंधारायला लागलं, पण दिवा लावायला कोणी उठेना.

आईने फडकं घेतलं आणि किल्ली घासायला लागली. ती बराच वेळ घासत होती.

"इतकी वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून. चूल पेटवायच्या आधी."

"आई," दादा म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

ओसरीवर पावलं वाजली. ओल्या पायांची, सावकाश. दमून आलेला माणूस चालतो तशी. दारापाशी येऊन थांबली.

दोन ठोके पडले. मग दारावरून तळवा फिरला, वरून खाली, जुन्या पट्ट्याच्या जागी.

मी उठलो. आईने माझ्या मनगटाला धरून मला खाली बसवलं. तिच्या हाताला पितळेचा वास येत होता.

"तू नको," ती म्हणाली. "थोरल्या, दार उघड. ते आलेत."

दादा उठला. वरची कडी काढायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या. कडीला हात घालून त्याने एकदा वळून माझ्याकडे बघितलं, दरवर्षी बोगद्यात शिरायला निघताना मी त्याच्याकडे बघायचो तसं.

त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. मी बघितलं आणि गप्प बसलो.